जरा अंधारात नेऊन बघा

पाच दिवस झाले, तरी मी अजून जमिनीवर आलेलो नाही. उजव्या डोळ्याभोवती उठलेला रबराचा वळ गेला, धरलेली पाठ सुटली, सर्दी तेवढी उरली आहे. दुकानात बसल्या बसल्या मान आपोआप वर जाते आणि वर छताचा पंखा दिसतो. परवा एका बाईंनी मोरपंखी साडी मागितली, तर मी राखाडी उलगडून म्हणालो, "हिच्यात हिरवट झाक आहे, थोडा वेळ बघत राहिलात की दिसेल." बाई उठून गेल्या. बायको म्हणाली, "तुम्हाला झालंय तरी काय?" त्रेपन्नाव्या वर्षी माणसाला साखर निघते, गुडघे धरतात. मला आकाश लागलंय!

आता पहिल्यापासून सांगतो. आमचं साड्यांचं दुकान सोलापूरच्या नवी पेठेत. वडिलांनी काढलं, मी चालवतो. ज्यांनी नवी पेठ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच, की इथं एकाच्या पाटीचा उजेड दुसऱ्याच्या काउंटरवर पडतो. साड्या, ड्रेस, चपला, मोबाइल, सगळं एकमेकांना खेटून, आणि दिवेलागणीनंतर प्रत्येक दुकान शेजारच्यापेक्षा जास्त लखलखायच्या मागे. उजेड हे आमचं भांडवल. आणि आमच्या धंद्यातलं एक वाक्य मी तीस वर्षं रोज दहा वेळा म्हणत आलोय: "ताई, ट्यूबखाली रंग कळत नाही, जरा बाहेर उजेडात नेऊन बघा." नीट बघायचं तर उजेडात जायचं. यात शंका घेण्यासारखं काय आहे?

शंका भाच्यानं आणली, येळ अमावास्येच्या दिवशी.

मार्गशीर्षातल्या या अमावास्येला आमच्या सोलापूर-धाराशिव-लातूरकडे घरात कुणी थांबत नाही. ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभरा घाट्यावर. अख्खं गाव शेतात. कडब्याची खोप, तिच्यात पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे, खीर, शेंगाची पोळी आणि वर गाडग्यातली आंबील. माझी बहीण बार्शी रस्त्याला, वडाळ्याच्या पुढं दिली आहे. दरवर्षी आम्ही जेवायला जातो आणि अंधार पडायच्या आत परततो. नान्नजच्या माळावरून जाताना काळविटं दिसली की पोरं ओरडतात, तेवढीच आमची निसर्गसहल. यंदा निघायची वेळ झाली तसा भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही राहा. आज अमावास्या आहे."

"अमावास्येच्या रात्री शेतात कोण राहतं रे?"

"दुर्बीणवाले," तो म्हणाला.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिथं त्याला ज्योतिर्विद्या परिसंस्थेचा नाद लागला. ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था 1944 साली स्थापन झाली, या प्रकारातली ती देशातली सगळ्यात जुनी. आमचा समज, पोरगं पुण्याला जाऊन रात्री-बेरात्री भटकतं. भटकतच होतं, पण मान वर करून!

त्याची दुर्बीण बघून दाजी हसायलाच लागले. मी चित्रात पाहिलेली दुर्बीण म्हणजे तिपाईवरची सडपातळ पितळी नळी. ही होती बोअरच्या केसिंग पाइपासारखी, चारेक फूट लांब, बूड प्लायवूडच्या फिरत्या पेटीत बसवलेलं. "ह्यानं काय बोअर पाडायचाय का?" दाजींनी विचारलं. "हो," भाचा म्हणाला, "वरच्या अंगाला." पुढं भिंग नाहीच; तळाशी आठ इंची आरसा. त्यानं मला समजावलं, "दुर्बीण मोठं करून दाखवते, हे नंतरचं. आधी ती उजेड गोळा करते. अंधारात डोळ्याची बाहुली पुरती उघडली तरी सात मिलिमीटर. आरसा दोनशेचा. म्हणजे आठशे पट उजेड एका डोळ्यात." हे मला चटकन कळलं. आजवर आपण किरकोळीत बघत होतो, आज होलसेल!

आणि ही पेटी कुणाची कल्पना, माहीत आहे? जॉन डॉबसन नावाच्या एका साधूची. हा माणूस 1944 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाला. जहाजाच्या खिडकीच्या जाड काचा घासून तो आरसे करायचा आणि प्लायवूड, पुठ्ठा असल्या स्वस्त सामानातून दुर्बिणी जुळवायचा. मठाच्या कामाऐवजी याचाच ध्यास, म्हणून 1967 साली त्याला मठ सोडावा लागला. मग हा गडी दुर्बीण घेऊन शहराच्या फुटपाथवर उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणू लागला, या, बघा. आज जगभर हौशी लोक ही दुर्बीण 'डॉब' म्हणून वापरतात. वेदान्ताच्या मठातून निघालेली वस्तू फिरून वडाळ्याच्या ज्वारीत आली, याची मला त्या रात्री भारीच गंमत वाटली.

सात वाजले. भाच्यानं पहिला हुकूम सोडला, शेकोटी विझवा. डिसेंबरात! बहिणीच्या सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढं, त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की मी असतो तर तिथंच बेत रद्द केला असता. पण नातू लाडका. शेकोटीवर माती पडली. बॅटरीला लाल जिलेटीन कागद बांधला. तांबड्या उजेडानं डोळ्याची अंधाराची सवय मोडत नाही म्हणे. ती सवय लागायला वीस-तीस मिनिटं जातात आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झोतात ती मोडते. आम्ही सोलापुरी चादरी पांघरून, कानटोप्या ओढून, मुकाट्यानं बसलो. आणि हळूहळू, काय सांगू, आधी होत्या त्या चांदण्यांच्या मधल्या जागा भरायला लागल्या! जणू कुणी मागून पडदा पातळ करत होतं. ज्वारीची धाटं दिसू लागली. सासूबाईंच्या कपाळावरचं गोंदण दिसू लागलं. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात!

आणि बरोबर त्या क्षणी माझा मोबाइल वाजला.

कोपरखळी मारल्यासारखा तो पांढरा पडदा सगळ्यांच्या डोळ्यांत घुसला. भाचा किंचाळला, "मामा!" दुकानातल्या पोरानं फोन केला होता, शटर ओढलं, आता पाटीचा लाइट चालू ठेवू का बंद करू? मी म्हटलं, "चालूच ठेव, रात्रभर राहू दे, जाहिरात होते." फोन ठेवला आणि बघतो तर सगळं काळंकुट्ट. अर्ध्या तासाची कमाई एका फोनमध्ये गेली. पुन्हा वीस मिनिटं बसलो, अपराध्यासारखा.

मग सुरुवात झाली. भाचा म्हणाला, "चंद्र नाही, आणि आज ग्रहांकडंही बघायचं नाही. ते सगळेच दाखवतात. आज खोल आकाश." म्हणजे ताऱ्यांचे गुच्छ, तेजोमेघ, आणि आपल्या आकाशगंगेच्याही पलीकडच्या दीर्घिका. पहिली देवयानी. तिकडं जायचा रस्ता असा: उत्तरेला शर्मिष्ठेचा इंग्रजी एम बघायचा, त्याच्या टोकदार बाजूनं वर सरकायचं. मी थांबवलंच त्याला. शर्मिष्ठा? देवयानी? "आणि तो शेजारी ययाती," तो म्हणाला. अहो, हे सगळं कुटुंब वरती आहे! खांडेकरांची 'ययाती' मी कॉलेजात दोनदा वाचली, आणि ही मंडळी रोज रात्री माझ्या डोक्यावरून जातात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दोघींचं भांडण विहिरीत ढकलण्यापर्यंत गेलं होतं, आणि इथं एकीचा पत्ता दुसरीला विचारावा लागतो!

डोळा लावला. काहीच नाही.

खरं सांगतो, माझा चेहरा पडला. मनात कॅलेंडरवरचे फोटो होते, जांभळी-गुलाबी चक्रं. इथं काळ्या पाटीवर डस्टर नीट न फिरल्यासारखा एक धुरकट डाग, तोही असेल-नसेल असा. मी म्हटलं, "छान आहे." गिऱ्हाइकाला न आवडलेल्या साडीला जसं 'छान आहे' म्हणतात, तसं. भाच्यानं ते बरोबर ओळखलं. म्हणाला, "मामा, सरळ बघू नका. तिच्या जरा बाजूला बघा, पण लक्ष तिच्यावर ठेवा."

हे काय नवीन? तर म्हणे डोळ्याच्या पडद्यावर मधोमध ज्या पेशी असतात त्या रंग ओळखतात, बारकावे टिपतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दुसऱ्या पेशी मध्यभागी नसतातच, त्या कडेला असतात. सरळ रोखून पाहिलं की अंधुक वस्तू नाहीशी होते. कडेनं पाहिलं की येते. मी नजर नेत्रिकेच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, डाव्या काठाकडं नेली.

आणि ती आली! आली म्हणजे कशी, तर डाग फुलला. मधे एक दुधाळ गाभा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरत जाणारी, काठापलीकडं निघून जाणारी मलमली झाक. नेत्रिकेत मावेना. मी नजर सरळ केली, गेली. कडेला नेली, आली. लहान पोर दिव्याच्या बटणाशी खेळतं तसा मी दहा मिनिटं खेळत होतो. शेजारी आणखी एक गोळा दिसला, ती तिची सोबतीण दीर्घिका. भाचा कानाशी सांगत होता, "25 लाख प्रकाशवर्षं." एक प्रकाशवर्ष म्हणजे साधारण साडेनऊ लाख कोटी किलोमीटर, ते गुणिले 25 लाख. आकडा सोडून द्या. मी एवढंच धरून ठेवलं, की माझ्या डोळ्यात आत्ता जो उजेड शिरतोय तो निघाला तेव्हा पृथ्वीवर आपल्यासारखा माणूस नव्हता. आणि त्या उजेडाला वाटेत कुणी अडवलं नाही, थेट माझ्या, नवी पेठेतल्या साडीवाल्याच्या डोळ्यात. अल्-सूफी नावाच्या इराणी ज्योतिर्विदानं 964 साली हिची 'छोटा ढग' म्हणून नोंद केली. हा ढग आपल्या आकाशगंगेच्या बाहेरचा आहे हे पक्कं व्हायला एडविन हबलचं 1923 सालचं निरीक्षण लागलं. मला दहा मिनिटं लागली, पण त्या दोघांपेक्षा मी जास्त ओरडलो असेन.

त्यानंतर मी भाच्याला श्वास घेऊ दिला नाही. आणखी काय? आणखी दाखव! ययातीतला जोडगुच्छ दाखवला. अहो, एकाच चौकटीत दोन ढिगारे, काळ्या मखमलीवर हिरेवाल्यानं दोन पुड्या शेजारी शेजारी उलट्या केल्यासारखे. इथं कडेनं बघायची गरज नाही, सरळ डोळ्यात टोचतात. साडेसात हजार प्रकाशवर्षं. बास, पुढचं!

पुढचं म्हणजे वृषभेच्या शिंगाच्या टोकाजवळचा क्रॅब नेब्युला. दिसायला म्हणाल तर जीव नाही, फुंकर मारलेल्या काचेवरच्या वाफेचा ठिपका. पण गोष्ट ऐका. हा एका फुटलेल्या ताऱ्याचा मलबा. 1054 साली चीनमधल्या ज्योतिषांनी तो फुटताना पाहिला, त्यांच्या नोंदीनुसार 23 दिवस तो भर दिवसा दिसत होता. त्या वेळी आमच्या या मुलखावर कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य. आणि त्या मलब्याच्या मधोमध उरलेला ताऱ्याचा गोळा अजून सेकंदाला 30 वेळा गिरकी घेतो आहे!

याच ठिपक्यापासून चार्ल्स मेसिए नावाच्या फ्रेंच माणसाची यादी सुरू होते. त्याला हवे होते धूमकेतू. 1758 साली या ठिपक्यानं त्याला फसवलं, म्हणून पुन्हा फसायला नको असं म्हणत तो धूमकेतू नसलेल्या धुरकट वस्तू लिहून ठेवू लागला. 1781 पर्यंत 103 झाल्या. थोडक्यात, ही सेकंड मालाची यादी! बाजूला काढून ठेवलेल्या मालाची! आणि आज त्याचे धूमकेतू फारसे कुणाला आठवत नाहीत, जगभरचे दुर्बीणवाले या सेकंड मालावर तुटून पडतात. आमच्या धंद्यात असं कधी झालं असतं तर! आणखी एक. मेसिए हे सगळं बघत होता कुठून? भर पॅरिसमधल्या एका वाड्याच्या छतावरून. गावाच्या मधोमध! हे मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.

अकरा वाजून गेले. मृग डोक्यावर चढत होता. सासूबाई अजून जाग्या होत्या. "ते तिकांडं," मधल्या तीन चांदण्या दाखवत त्या म्हणाल्या, "आन् ते वर येतंय त्ये म्हातारीचं बाजलं." सप्तर्षीचं बाजलं! भाचा जो नकाशा मोबाइलमध्ये घेऊन फिरत होता, तो आजीच्या बोटावर होता. तिकांड्याच्या खाली तीन अंधुक ठिपक्यांची उभी ओळ आहे ना, तिच्यातल्या मधल्या ठिपक्यावर भाच्यानं दुर्बीण लावली आणि म्हणाला, "आजी, आधी तू."

सासूबाई स्टुलावर बसल्या. डोळा लावला. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पख पसरून बसलंय की रे कायतरी." आणखी थोडा वेळ गेला. "माळढोक उडायला लागला की असाच दिसायचा. माळावर लई हुते तवा."

मी डोळा लावला आणि देवाशपथ, माळढोकच! मधे लख्ख छाती, आणि दोन्हीकडं वळत, विरत गेलेले दोन रुंद पंख. छातीच्या मध्यभागी चार टाचण्या टोचाव्यात तसे चार चिमुकले तारे, त्या ढगातच जन्मलेले, त्यांच्याच उजेडानं सगळा ढग पेटलेला. सुमारे 1,300 प्रकाशवर्षं दूर. हा उजेड निघाला तेव्हा बदामीचे चालुक्य राज्य करत होते. एका रात्रीत दोन्ही चालुक्य झाले! मी बघत राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मग पंखांच्या मुळाशी एक रंग आला. पहिल्यांदाच रंग. राखाडीत अगदी पुसट हिरवा, पाण्यात मिसळलेल्या मोरपंखीसारखा. मी तीस वर्षं रंग विकतोय, मला फसवता येत नाही. "हिरवट आहे रे हे!" मी ओरडलो. भाचा म्हणाला, "मामा, शाब्बास. सगळ्यांना नाही दिसत."

आणि मग त्यानं जे सांगितलं त्यानं मी उडालोच. त्या हिरव्या रंगावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता. तेजोमेघाचा उजेड लोलकातून फोडला की एक ठळक हिरवी रेषा दिसते, ती कशाची? नॉर्मन लॉकियरसारखा मोठा इंग्रज शास्त्रज्ञ म्हणत होता, मॅग्नेशियमची. 1891 साली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या कावसजी दादाभाई नायगमवाला या पारशी प्राध्यापकानं मृगातल्या याच ढगाची हीच रेषा तपासली आणि सांगितलं, रेषा प्रत्येक वेळी स्वच्छ, धारदार दिसते. मॅग्नेशियमची असती तर अशी दिसली नसती. पुण्यातून! ती रेषा मुळात ऑक्सिजनची, हे 1927 साली आयरा बोवेननं उलगडलं. तोवर लोकांनी 'नेब्युलियम' असं एक नवंच मूलद्रव्य कल्पून ठेवलं होतं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून नायगमवालांनी पुण्यात वेधशाळा उभी केली, तिच्यात 20 इंची आरशाची दुर्बीण बसवली. 1912 साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

"मामा, जेऊर माहीत आहे ना?" भाच्यानं विचारलं.

"न माहीत असायला काय झालं? पुण्याच्या गाडीला लागतं. करमाळ्याची माणसं तिथं उतरतात."

"22 जानेवारी 1898 ला तिथं खग्रास सूर्यग्रहण दिसलं. नायगमवालांचा तळ जेऊरला होता. आणि कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून कॅम्बेल आला होता, चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन. जेऊरला!"

सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी! आमच्या जिल्ह्यात! अर्धं जग ओलांडून एक माणूस आमच्या जेऊरला अंधार बघायला आला, आणि मी त्याच जेऊरवरून शेकडो वेळा गेलो, खिडकीतून हात काढून चहा घेतला आणि खिडकी लावून घेतली.

दोन ते चारचं काही विचारू नका. थंडी हाडात उतरली, दुर्बिणीच्या नळीवर दव आलं, दाजी खोपीत घोरायला लागले. बाजल्याच्या पलीकडं दोन दीर्घिका एकाच नेत्रिकेत दिसल्या, एक अंडाकृती, दुसरी विडीसारखी. 1 कोटी 20 लाख प्रकाशवर्षं. देवयानी मघाशी लांब वाटली होती, आता ती शेजारच्या गल्लीतली वाटायला लागली. मी डुलक्या घेत होतो, पण झोप म्हणायला तयार नव्हतो.

पाच वाजता भाच्यानं हलवलं. "मामा, शेवटचा पदार्थ. दक्षिणेला या."

दक्षिणेकडं मी रात्रभर पाठ करून बसलो होतो, त्यामुळं ते मला आत्ता दिसलं. क्षितिजावर एक पिवळट फुगा बसला होता. पहाट होत असेल असं वाटलं, पण पहाट पूर्वेला होते, ही दक्षिणेला कुठून? "ते काय रे?"

"सोलापूर."

मी बघतच राहिलो. पंचवीस-तीस किलोमीटरवरून! आणि त्या फुग्याच्या जरा वर, डावीकडं, भाचा दुर्बीण लावायची खटपट करत होता. "इथं नरतुरंगातला गुच्छ आहे, ओमेगा सेंटॉरी. लंडनहून हा कधीच दिसत नाही, क्षितिजाच्या वर येतच नाही. आपण दक्षिणेला आहोत हे आपलं भाग्य. पण त्या उजेडामुळं धुऊन निघालाय. थांबा, जरा वर येऊ दे."

साडेपाचला दिसला. अहो, तो काय प्रकार आहे! आधी वाटलं धुक्याचा गोळा. मग कडेनं बघितलं, आणि गोळा दाणेदार झाला. परातीत ज्वारीचं पीठ उजेडाला धरावं आणि कण कण चमकावा, तसा. साध्या डोळ्यांना एक पुसट तारा, म्हणून 1603 साली योहान बायरनं त्याला ताऱ्याचं अक्षर दिलं. 1677 साली सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीनं पाहिलं, हा तारा नव्हे. आणि हे एकटं धूड म्हणजे साधारण एक कोटी तारे. एक कोटी सूर्य! 17,000 प्रकाशवर्षांवर! सगळं सोलापूर, त्याच्यातला प्रत्येक दिवा, प्रत्येक पाटी, प्रत्येक टेरेसवरचा बल्ब एकत्र केला, तरी या गोळ्यातल्या ताऱ्यांएवढे भरणार नाहीत. पण तेच थोडेसे दिवे या एक कोटी सूर्यांना पुसून टाकत होते. आणि त्या पिवळ्या फुग्यात कुठंतरी माझी पाटी होती. "चालूच ठेव, जाहिरात होते."

मी कुणाला काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी भाचा पुण्याला जायला निघाला. रेल्वे पहाटेची, म्हणून रात्री आमच्याकडं मुक्कामाला, सोबत केसिंग पाइप. दहा वाजता आम्ही शटर ओढलं. पोरानं नेहमीप्रमाणं विचारलं, "मालक, पाटी?" मी म्हटलं, "बंद कर." तो दोनदा विचारून मग बटणाकडं गेला. आमच्या दुकानासमोरचा तुकडा काळा झाला तसा शेजारच्या दुकानातून आवाज आला, "काय ओ शेठ, लाइट बिल थकलं का?"

आम्ही दुर्बीण फुटपाथवर मांडली. भाचा म्हणाला, "मामा, पेठेतून काही दिसणार नाही." मी म्हटलं, "तुझा मेसिए पॅरिसमधून बघत होता." समोरच्या इमारतीच्या कठड्यावर मृग आला होता. खरं आहे, पंख नव्हते. माळढोक वडाळ्यालाच राहिला होता. पण छाती होती, आणि त्या चार टाचण्या लख्ख होत्या.

पहिला आला रिक्षावाला. "काय बघताय?" मी म्हटलं, "तारे जन्मतात ते." तो हसला, डोळा लावला, आणि हसणं थांबलं. मग झाडूवाल्या मावशी. मग हातगाडी ढकलत निघालेली दोन पोरं. मग लाइट बिल विचारणारे शेठ स्वतः. सगळ्यांना मी सांगत होतो, रोखून बघू नका, जरा कडेनं बघा, घाई करू नका, येतं ते, आपोआप येतं. माझाच आवाज मला ओळखीचा वाटत होता. इतकी वर्षं याच सुरात साड्या दाखवल्या.

रिक्षावाला दुसऱ्यांदा रांगेत लागला होता. त्यानं डोळा लावला, कपाळाला आठ्या पाडल्या, आणि मान न काढता कोपऱ्यावरच्या पानवाल्याला ओरडून म्हणाला, "ओ अण्णा, तुमची ट्यूब बंद करा की जरा, दिसंना झालंय!"

अण्णांसमोर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्यांनी पान बांधता बांधता आमच्याकडं बघितलं, गिऱ्हाइकाकडं बघितलं, आणि हात मागं नेऊन ट्यूब बंद केली. मग दोघंही आमच्या रांगेत येऊन उभे राहिले.